उजव्या बाजूचा तबला

माणसावर चटकन विश्वास ठेवायची मला सवय नाही, आणि त्याचा दोष मी आमच्या कारखान्याला देते. मोरिवलीच्या बाजूला कपॅसिटर बनवायच्या कारखान्यात मी तपासणीच्या टेबलावर बसायचे. आमचा सुपरवायझर अधूनमधून एखादा मेलेला नग मुद्दाम चांगल्या मालाच्या ट्रेमध्ये सोडायचा, बाई जागी आहे की डुलक्या काढतेय हे बघायला. त्या नगाला आम्ही 'पाहुणा' म्हणायचो. जिने पाहुणा पास केला तिचं दिवसभर हसं व्हायचं. माझं कधी झालं नाही. कारखाना बंद पडला, पण ती खोड काही गेली नाही. भाजीवाल्यापासून भिशीतल्या बायकांपर्यंत सगळ्यांपुढे मी एखादा पाहुणा सोडून बघते.

आमच्या ह्यांनी आनंदनगर एमआयडीसीत पत्र्याच्या प्रेसवर उभं आयुष्य काढलं, आणि सुट्टीच्या दिवशी बसून एक ॲम्प्लिफायर स्वतःच्या हाताने जुळवला. बदलापूरच्या आमच्या हॉलमध्ये रोज संध्याकाळी चहानंतर त्यावर एका भजनाच्या बैठकीचं रेकॉर्डिंग लागतं. त्यात पेटी डाव्या स्पीकरमधून वाजते आणि तबला उजव्या. दिवाळीनंतर एकदा हे म्हणाले, "उजवीकडचा आवाज बसलाय गं. तबला लांब गेल्यासारखा वाटतोय."

मी ऐकलं. मला तर तबला होता तिथेच ऐकू येत होता. मनात पाल चुकचुकली. प्रेसचा तो धाडधाड आवाज, आणि ह्यांचा उजवा कान कायम मशीनकडे. पण मी ते तोंडातून काढलं नाही. बिघाड दोनच ठिकाणी असू शकत होता, ॲम्प्लिफायरमध्ये नाहीतर कानात, आणि ॲम्प्लिफायर दुरुस्त करता येतो. कानात असेल तर ह्या माणसाची संध्याकाळच गेली. दुसरं काय आहे त्यांच्याकडे? पत्ते कुटत नाहीत, देवळाच्या कट्ट्यावर बसत नाहीत. मला भीती वाटली, आणि भीती वाटली की मी कुणावर तरी संशय घेते. ह्या वेळी कपॅसिटरवर घेतला.

तो अगदीच हवेतला नव्हता. कपलिंग कपॅसिटरचं काम दरवानाचं. ॲम्प्लिफायरच्या एका भागातून दुसऱ्या भागात गाणं सोडायचं आणि डीसी करंट अडवायचा. तो खराब झाला की आवाज मरतो. डाव्या-उजव्याला एकेक असतो, बदलायचे तर दोन्ही सारखे. सोनेरी अक्षरांचे परदेशी घ्यायची आमची ऐपत नाही, आणि असती तरी घेतले नसते. आत काय गुंडाळतात ते मी वर्षानुवर्षं पाहिलंय. साधा पॉलीप्रॉपिलीन फिल्मचा घ्यावा, व्होल्टेज गरजेपेक्षा जरा जास्त असावं, संपलं. फक्त माल खरा पाहिजे, आणि घोडं तिथेच पेंड खातं.

उल्हासनगरला कॅम्प पाचमध्ये एका सिंधी दुकानदाराकडे गेले. "भाभी, एकदम ओरिजिनल," तो म्हणाला, आणि माझा होता तो विश्वासही उडाला. नगांचे पाय बघितले. पाय आखूड असले की समजावं, जुन्या बोर्डावरून उपटलेत. पाय लांब आणि कोरे होते. अंगठा ओला करून छपाई घासली, ती उतरली नाही. मग पर्समधला माझा पाहुणा, अगदी तसाच दिसणारा मेलेला कपॅसिटर, काउंटरवर त्याच्या मालात ढकलला आणि म्हटलं, "भाऊ, सगळे मीटरवर लावून दाखवा."

त्याने एकेक लावला. पाहुण्यापाशी थांबला, मीटरकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि तो नग बाजूला सारून म्हणाला, "ये मेरा माल नहीं है, भाभी. आपका गिर गया क्या?" मी वर पंख्याकडे बघत राहिले. मग त्याच्याकडूनच घेतले.

घरी येऊन मीच सोल्डरिंग केलं. हे बराच वेळ ऐकत बसले. हल्ली त्यांनी खुर्ची उजव्या स्पीकरला चिकटवून घेतली होती आणि तळवा त्या खोक्यावर ठेवून बसायचे. तेही मला खटकत होतंच. शेवटी म्हणाले, "थोडा फरक आहे."

आमच्या घरी हे वाक्य फसलेल्या भाजीला मिळतं. मी दुसऱ्या दिवशी कॅम्प पाचला जाऊन त्या दुकानदाराला नाही नाही ते बोलले. त्याने हुज्जत न घालता दुसरे नग दिले. तेही बसवले. "अजून तितकासा नाही," हे म्हणाले.

"थांबा, आता त्याचं दुकानच डोक्यावर घेते," मी म्हटलं.

"जाऊ दे गं. त्या माणसाची काय चूक आहे?"

पाल पुन्हा चुकचुकली. त्याची चूक नाही हे ह्यांना कसं कळलं?

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी ॲम्प्लिफायरचं झाकण उघडलं, थोडी खुडबुड केली आणि लावून टाकलं. आत काही बदललं नाही. फक्त मागून उजव्या स्पीकरची वायर काढून ठेवली. "दुसऱ्या दुकानातले घातलेत," म्हटलं, "ऐका आता."

हॉलमध्ये नुसती पेटी वाजायला लागली. तबल्याचा पत्ता नाही. हे डोळे मिटून बसले होते, तळवा खोक्यावर. मान डोलत होती, आणि समेवर बरोबर पडत होती. इतक्या वर्षांचं ऐकणं, त्यांना ठेका पाठच होता.

"आता कसं," ते म्हणाले. "तबला आला बघ. अगदी समोर."

पाहुणा पास झाला होता. मी फडकं घेऊन ॲम्प्लिफायर पुसायला लागले, कारण डोळ्यांतलं पाणी ह्यांना दाखवायचं नव्हतं. साप साप म्हणून भुई धोपटत होते मी, आणि साप कुठे बसलाय ते आम्हा दोघांनाही ठाऊक होतं. मी भांडभांड भांडू नये म्हणून हा माणूस न वाजणाऱ्या तबल्याला दाद देत होता. राग आला. त्याहून जास्त माया आली.

माझी खुर्ची कायम त्यांच्या उजव्या हाताला असते. ती उचलून मी डावीकडे ठेवली आणि बसले. "सोमवारी कानाच्या डॉक्टरांकडे जायचं," म्हटलं.

 त्यांचा तळवा तसाच खोक्यावर होता.

"जाऊ," म्हणाले. "पण आधी ती वायर लाव. खोकं मघापासून थरथरत नाहीये."