बिनदेठाचे आंबे

भोकरदनच्या वाटेला लागून असलेल्या आमच्या शेतात गावरान आंब्याचं एकच मोठं झाड आहे. त्याला आम्ही शेंदऱ्या म्हणतो. ते एक साल आड फळतं. त्यामुळे एका हंगामातली चूक सुधारायला दोन वर्षं थांबावं लागतं. मी सोळा थांबलो. त्यात झाडाचा दोष नाही.

लग्नानंतरचा पहिला हंगाम. आईनं मला बजावलं होतं, "झेल्यानं उतरव. देठासकट. एकबी भुईवर आपटू नको." झेला म्हणजे लांब काठीच्या टोकाला बांधलेली जाळी. खालच्या फांद्या मी तशाच उतरवल्या. शेंड्याकडे लाल मुंगळे होते. ते मानेवर उतरले, तेव्हा मी झेला टाकून फांदी गदागदा हलवली. पन्नासेक आंबे नांगरटीवर पडले. वरून बरे दिसत होते. पुसून चांगल्यांत मिसळले.

आंबे पिकवायची आढी दर वेळी आई घालायची. त्या वर्षी तिचा गुडघा धरला होता, म्हणून तिनं सुनेला बसवलं. बायकोनं खोलीत गवत अंथरलं, आंब्यांचे थर लावले, वर पुन्हा गवत घातलं. हे काम आपल्याला मिळालं याचा तिला आनंद झाला होता.

आठव्या दिवशी घरात आंबूस वास सुटला. आपटलेला आंबा नासतो आणि शेजारच्यालाही नासवतो. सगळी आढी उकिरड्यावर गेली.

"हात ऊन हाय हिचा," आई म्हणाली. मग माझ्याकडे वळली. "तू तं झेल्यानंच उतरीवले ना?"

"बराबर," मी म्हणालो.

आमच्याकडे गरम हाताच्या बाईला आढीला, लोणच्याला हात लावू देत नाहीत. लोणच्याच्या दिवशी शेजारणी जमायच्या आणि बायकोला म्हणायच्या, "तू लांबच बस गं." ती लांब बसायची. आम्हाला दोन मुली झाल्या. आई त्यांना सांगायची, "पोरींनो, मायच्या हातावर जाऊ नका." मध्यंतरी निजामाचं राज्य गेलं. मी बोललो नाही.

गेल्या वर्षी आई गेली. यंदा शेंदऱ्या फळला. बायको पाटीतले आंबे निवडत होती, तेव्हा मी तिला सगळं सांगितलं.

"मला ठावं हाय," ती म्हणाली. "नासक्यात कितीकांना देठच न्हवते. मी काय आंधळी व्हते?"

"मंग बोलली का न्हाईस?"

"नवी सून नवऱ्यावर ढकलून राह्यली म्हनले असते. तुमी बोलायचं व्हतं."

"आता बोललो."

"आता आत्याबाई कुठं हायेत ऐकायला?"

मी मुलींना हाक मारली आणि मुंगळ्यांपासून सगळं सांगितलं. थोरली खाली बघत राहिली. धाकटी म्हणाली, "आबा, मुंगळ्याला भिऊन?"

"व्हय."

"अन् मंग इतके साल कुनाला भ्याले?"

मी पाटी उचलली.

आढी बायकोनंच घातली. दोन्ही बाजूंना मुली बसल्या. मी पाटी पुढे सरकवली. तिनं दोन बिनदेठाचे आंबे बाहेर काढून माझ्यासमोर ठेवले.

"तुमी लांबच बसा," ती म्हणाली.

मी बसलो.