मालकाचा शब्द, विमलबाईंच्या तोंडून

विमलबाई गेल्याचं त्यांच्या मुलानं, गजाननानं, मला फोनवर सांगितलं. केनवडच्या माझ्या शिवणाच्या दुकानात मी कुणाच्या तरी ब्लाउजला हुक लावत बसले होते. "मावशी, आई गेली," एवढंच तो म्हणाला. सकाळी अंगण झाडताना छातीत कळ आली आणि वाशीमच्या दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं होतं. हातातलं काम तसंच मशीनवर टाकलं आणि मिळाली ती गाडी धरली. वाटभर मला रडू आलं नाही, रागच येत राहिला... विमलबाईंचा नव्हे. ज्या माणसानं या बाईच्या तोंडून आम्हाला फसवलं, आणि आमच्याआधी तिला फसवलं, त्याचा. इतके दिवस झाले तरी तो उतरत नाही, म्हणून हे लिहायला घेतलं.

वाशीमच्या बाहेर, रेल्वेलाइनच्या पलीकडे एक डाळमिल आहे. लग्नानंतर आम्ही वाशीमला भाड्यानं राहत होतो, तेव्हा मी तिथं डाळ निवडायला जायची. विमलबाई आम्हा बायांच्या मुकादम. सरकत्या पट्ट्याच्या दोन्ही बाजूंना आम्ही उभ्या असायचो आणि समोरून जाणाऱ्या तूरडाळीतले खडे, काळे दाणे वेचायचो. सकाळी उभं राहिलं की जेवायच्या सुट्टीपर्यंत बूड टेकायचं नाही. संडास पार गोदामाच्या मागे, तिकडे जाऊन यायचं तर पट्ट्यावर खाडा पडायचा, म्हणून बाया पाणीच प्यायच्या नाहीत. दिवस गेलेल्या बाईलाही हेच. पोट दिसलं की काम गेलं, हे सगळ्यांना ठाऊक होतं. मग पदर पुढे ओढून, ढगळ सदरा वरून घालून जमेल तितके महिने लपवायचं.

विमलबाई उंच, आवाज खणखणीत, पण कुणाला टाकून बोलल्याचं मला आठवत नाही. मानोऱ्याकडच्या एका तांड्यावरून नवऱ्याबरोबर आलेली सरला नावाची पोरगी आमच्यात होती. तिनंही लपवलं होतं. एकदा डाळीचं पोतं उचलताना ती जागीच बसली आणि तिचं मूल गेलं. दवाखान्यात तिच्या उशाशी विमलबाईच होत्या. दुसऱ्या दिवशी त्या पट्ट्यावर न येता सरळ मालकाच्या खोलीत गेल्या. आत काय बोलणं झालं ते आम्हाला कळलं नाही, पण थोड्या वेळानं मालक स्वतः खाली आला. पट्टा बंद करायला लावला, हात जोडले. "तुम्ही माझ्या लेकी आहात. यापुढे कुणीही लपवायचं नाही. दिवस गेले की विमलबाईंना सांगायचं. बसून काम मिळेल, ओझं उचलायचं नाही, तपासणीला सुट्टी मिळेल. हा माझा शब्द आहे." विमलबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. त्या दिवशी सगळ्यांना पेढे मिळाले.

मग त्या एकेकीला बाजूला घेऊन सांगत राहिल्या, लपवू नका, मालक चांगला माणूस आहे. मला दिवस गेले तेव्हा मी सासूच्याही आधी त्यांना सांगितलं. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. "आता भेव नको धरू, पोरी. मी सांगतो मालकाले." आणि त्यांनी सांगितलं. आठवड्याच्या आत ऑफिसातून निरोप आला, घरी जाऊन आराम करा, बाळंत झालात की या. मला बरंच वाटलं. एवढी काळजी तर माहेरीही कुणी घेतली नव्हती. मुलगा जरा वरचं खाऊ लागल्यावर मी पुन्हा मिलच्या फाटकाशी गेले, तर तिथल्या माणसानं आतही सोडलं नाही. जागा भरली, म्हणाला. माझ्यासारख्याच आराम करायला पाठवलेल्या आणखी काही जणी होत्या, त्यांचंही तेच झालं होतं. विमलबाई मालकाचे कान आहेत, असं बाया उघड बोलू लागल्या. मीही तेच धरून चालले. त्या बाजारात समोरून आल्या की मी रस्ता बदलायची. पुढे आम्ही केनवडला, सासरच्या घरी राहायला आलो.

एका दुपारी त्या माझ्या दारात उभ्या. बसनं आल्या होत्या, पत्ता विचारत. मी पाणी दिलं, बसा म्हटलं नाही. त्या उंबऱ्यावरच टेकल्या.

"मले खरंच वाटलं होतं का तो तुमाले आराम देऊन राह्यला," त्या म्हणाल्या. "परवा मी त्याले विचारलं, पोरीयले परत काहून घेत नाही. तो हासला. म्हणे, विमलबाई, तुमीच तर म्हणत होत्या का पोटुश्या बाईले जड काम नको. मी त्यायले कामच ठेवलं नाही."

मी रिकामा तांब्या उचलून घेतला.

"तुमी माह्यावर भरोसा ठेवून सांगितलं... अन् मी तेच त्याच्यापुढं नेऊन ठेवलं. माह्याच तोंडानं."

मुलगा पाळण्यात कुरकुरला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मी मान हलवल्यावर उठून त्याला घेतलं आणि बराच वेळ खांद्यावर थोपटत राहिल्या. तेव्हापासून आमचं बोलणं पुन्हा सुरू झालं, आणि ते त्यांच्या शेवटापर्यंत टिकलं.

पुढच्या हंगामात कविता नावाची एक पोरगी पट्ट्यावर होती, पोट दिसायला लागलेली. विमलबाईंनी तिच्याबद्दल मालकाला काही कळवलं नाही. घरची प्लास्टिकची खुर्ची डोक्यावर घेऊन त्या मिलमध्ये गेल्या आणि सगळ्यांसमोर कविताला तिच्यावर बसवलं. आदल्या दिवशी बायांनी त्यांच्या घरी बसून कबूल केलं होतं, मालक तुम्हाला काही बोलला तर आम्ही सगळ्या बाहेर पडतो. मालक आला. "हिले काढसान तर आधी मले काढा," विमलबाई म्हणाल्या. तो शांतपणे म्हणाला, "बरं. उद्यापासून येऊ नका." पट्टा चालूच होता. एकाही बाईनं मान वर केली नाही, हात तसेच डाळीतून फिरत राहिले. विमलबाई एकट्याच फाटकाबाहेर आल्या. मी एकदा त्या बायांना नावं ठेवली तर मलाच दटावलं. "लेकरं हायेत त्यायच्या घरी." पण त्यानंतर त्या मिलच्या रस्त्यानं कधी गेल्या नाहीत, बाजाराला जाताना लांबचा फेरा घ्यायच्या. ते फाटक त्यांना बघवत नव्हतं की त्या बाया, ते मी विचारलं नाही.

कविताला मात्र मालकानं काढलं नाही. एकाच दिवशी दोघींना काढलं असतं तर गावभर बोलणं झालं असतं. तिला मुलगी झाली, ती कामावर परतली, आणि पुढच्या बायांनाही बसायला मिळू लागलं. मग त्यानं खुर्चीवर बसलेल्या कविताचा फोटो मोठा करून फाटकावर लावला. खाली लिहिलं, इथे गरोदर भगिनींची काळजी घेतली जाते. फोटोतली खुर्ची विमलबाईंच्या घरची होती.

तेरवीला तो आला. पांढरे कपडे, हात जोडलेले. चार शब्द बोलतो म्हणाला. "विमलबाई आमच्या घरच्याच. बायांना बसून काम द्यायची पद्धत आम्ही दोघांनी मिळून सुरू केली." माणसं माना डोलावत होती. गजानन जमिनीकडे बघत होता. मी उभी राहिले आणि विचारलं, "मग त्यांना कामावरून काढलं कुणी?" शेजारच्या बाईनं माझा पदर ओढला. ही वेळ नाही ताई, असं म्हणत मालक चपला शोधू लागला. तेवढ्यात मागून कविता बोलली, मुलगी कडेवर होती तिच्या. "ते खुर्ची विमलबाईच्या घरची हाय. मले त्यायनं बसवलं. तुमी नाही." पट्ट्यावरच्या बाया तिथं होत्या. त्या आताही खालीच बघत होत्या.

असं काय लागतं हो मालकाला? एक खुर्ची. जवळ संडास. हवं तेव्हा पाणी प्यायची मुभा, दवाखान्यात जायला एखादा दिवस, आणि बाळंत होऊन आल्यावर तिची जागा तिला. यातलं काहीच त्याच्या ऐपतीबाहेरचं नव्हतं. शब्द मात्र त्यानं फार सहज दिला, आणि तो पाळायचं ओझं आयुष्यभर दुसरीच बाई वाहत राहिली.

पाहुणे पांगल्यावर मी आतल्या खोलीत गेले. गजाननची बायको, प्रीती, विमलबाईंच्या बाजेवर बसली होती आणि तिचे पाय एका पितळी घमेल्यात, कोमट मिठाच्या पाण्यात होते. घमेलं विमलबाईंचं. मिलमधून आल्या की त्या रोज त्यात पाय सोडून बसायच्या, काम सुटल्यावरही ती सवय सुटली नव्हती, असं ती म्हणाली. प्रीती बाजारातल्या एका कापडाच्या दुकानात गिऱ्हाइकांना साड्या दाखवते, दिवसभर उभी असते. घोटे सुजलेले होते. मी तिच्याकडे पाहिलं आणि तिनं पदर पोटावर ओढून घेतला.

"आईले म्हाईत होतं," ती हळूच म्हणाली. "दुकानात नाही सांगितलं अजून. मावशी... सांगू का नको?"

लपव म्हटलं तर सरला आठवत होती आणि सांग म्हटलं तर मी स्वतः. पाणी निवलं होतं. मी चुलीवरचं गरम पाणी आणून घमेल्यात ओतलं, बाजेवर तिच्या शेजारी बसले.

"सांग," मी म्हटलं. "पण एकटी जाऊन सांगू नको. सोमवारी मी येते, कविताला घेऊन."