शिवलं कोणी?

“थांबा. जरा मागे घ्या.”

एवढं म्हणून मामा खुर्चीतून उठायचे, गळ्यातली मोजपट्टी सावरत टीव्हीपाशी जायचे आणि चष्मा कपाळावर चढवून अगदी काचेला नाक लावायचे. मागे बसलेल्या आम्हा तिघांना मग गोष्टीऐवजी मामांची पाठ दिसायची. आगीतून चालणारा तो राखाडी पोशाखातला वीर कोणाला तरी वाचवायच्या बेतात असायचा. मामांना त्याची काही घाई नसे. त्यांना त्याच्या काखेतली शिवण बघायची असे.

असा एखादा माणूस तुमच्याही पाहण्यात असेल, लग्नाला जाऊन नवरानवरी सोडून मांडवाच्या गाठी तपासणारा. आमच्या नायगावच्या चाळीत हे काम मामांकडे होतं. उभी हयात त्यांनी नाटकवाल्यांचा कपडेपट सांभाळला. कपडे शिवायचे, इस्त्री करायचे, प्रयोगाला न्यायचे आणि सुईदोरा घेऊन विंगेत उभं राहायचं. बायको लवकर गेली, मुलगी कुडाळला दिलेली. म्हातारपणी तळमजल्याच्या खोलीत एकटेच असत आणि चाळकऱ्यांच्या पँट आखूड करून देत.

मालिकेचं वेड आणलं सुप्रियाने. ती परळला एका लॅबमध्ये रक्त तपासते. दुसरा भिडू समोरच्या पोलीस लाइनीतला हवालदार, तिसरी मी. मी विम्याचे दावे तपासते, म्हणजे लोकांचं खोटं पकडण्याचा पगार घेते. दर शुक्रवारी नवा भाग यायचा. शनिवारी संध्याकाळी सहाला आम्ही मंडळाच्या खोलीत तो एकत्र बघायचो आणि मग चहा घेत तासभर भांडायचो. मालिका परदेशी, वर हिंदी आवाज चढवलेले. वीर दिवसा पोस्टात कामाला आणि राहायला आईजवळ. आपला मुलगा आगीत उड्या घेतो याचा आईला पत्ता नाही.

हवालदाराला प्रत्येक भागात पंचनामा हवा असायचा. “एवढा पूल पडला, एक पण एफआयआर नाही?” सुप्रिया नेटवर सगळं आधीच वाचून यायची आणि आम्हाला अडाणी ठरवायची. मामा मात्र विचारायचे, “ह्याचे कपडे धुतो कोण?”

सहाव्या भागात पुलावर मारामारी झाली आणि वीराचा पोशाख डाव्या काखेपासून कमरेपर्यंत टर्रकन फाटला. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने तोच पोशाख कपाटातून काढून चढवला. फाटलेलं कुठे दिसेना. काखेखाली बारीकशी रेघ तेवढी होती.

“थांबा. मागे घ्या,” मामा उठलेच. बराच वेळ बघून वळले आणि म्हणाले, “शिवलं कोणी?”

“मामा, चूक आहे ती. शूटिंगवाल्यांची,” सुप्रिया म्हणाली.

“चूक नाय. रेघ आहे ना? घरात माणसं दोन. ह्याला सुई धरता येत नाय, मागे बटण तुटलं तेव्हा ह्याने पिन लावली होती. मग राह्यलं कोण? आई. तिला सगळं माहिताय.”

“मामा, सुतावरून स्वर्ग गाठताय,” हवालदार हसला.

“अरे, मी आयुष्यभर तेच केलं.”

सुप्रियाने मामांचं म्हणणं त्या मालिकेच्या चाहत्यांच्या ग्रुपवर टाकलं. जगभरच्या रिकामटेकड्यांनी तिला वेड्यात काढलं. मामांनी ते सगळं तिच्याकडून वाचून घेतलं आणि पुढच्या शनिवारी पुन्हा तेच विचारलं. प्रत्येक शनिवारी विचारत राहिले. मला राग यायला लागला. रेघ एवढीशी, तिचा किती कीस पाडायचा! एकदा पँट न्यायला गेले तेव्हा मी तसं तोंडावर बोलले.

मामांनी मशीन थांबवलं. “बस गो जरा,” म्हणाले.

तेव्हा त्यांनी सांगितलं ते असं. सतरा वर्षांचे असताना मामा लालबागच्या दशावतारात बाईचं काम करायचे. वडील गिरणीत, फार तापट. बायकी सोंगं काढणाऱ्या मुलाला त्यांनी घरात ठेवलंच नसतं. म्हणून घरी सांगायचं, रात्रशाळेत जातो. एका प्रयोगात ब्लाउज काखेत उसवला. मामांनी तो तसाच पिशवीत कोंबून माळ्यावर लपवला. पुढच्या प्रयोगाला पिशवी उघडली तर ब्लाउज शिवलेला.

“खोलीत आम्ही सात माणसं,” मामा म्हणाले. “आये, बाबा, काका, काकी, आम्ही तिघं भावंडं. काकी शिवणकाम करायची. तिला सापडला असेल, दया आली असेल. पण आयेने शिवला असेल तर... म्हणजे तिला माहीत होतं, आणि तिने मला जाऊ दिलं. पुढे मी ह्याच धंद्यात पडलो. आये शेवटपर्यंत माझं काम बघायला आली नाय. मी विचारलं नाय, ती बोलली नाय.”

मी पँट घेऊन वर आले. त्यानंतर मामा टीव्हीपाशी उठले की मी गप्प बसायची.

शेवटच्या भागाच्या आदल्या आठवड्यात मामांच्या उजव्या डोळ्याचा पडदा सुटला. ऑपरेशन झालं. पडदा जागेवर दाबून बसावा म्हणून डॉक्टरांनी डोळ्यात वायू भरला आणि दहा दिवस पालथं पडून राहायला सांगितलं. मुलगी कुडाळहून आली. तिने खाटेच्या कडेला एका जुन्या गोधडीची वळकटी करून दिली, त्यावर कपाळ टेकून मामा दिवसभर जमिनीकडे बघत पडलेले. आम्ही भेटायला गेलो की त्यांना आमचे पाय तेवढे दिसायचे.

“फोन खाली ठेवते, त्यावर बघा शेवटचा भाग,” सुप्रिया म्हणाली.

“एवढ्याशा फोनवर शिवण काय दिसणार? तुम्ही बघा नि मला खरं काय ते सांगा.”

आम्ही बघितला. शेवटच्या दहा मिनिटांत आईने पहिल्यांदा तो पोशाख पाहिला आणि तिच्या हातातलं ताट खाली पडलं. “हे काय आहे?” असं तीनदा म्हणाली. तिला काडीचीही कल्पना नव्हती. सहाव्या भागातली रेघ ही खरोखरच शूटिंगवाल्यांची चूक होती.

मंडळाच्या खोलीत कोणी चहा घेतला नाही. मामांची गोष्ट मी त्या दोघांना तेव्हा सांगितली.

“खरं सांगून टाकू. मी खोटी साक्ष देणार नाय,” हवालदार म्हणाला.

“द्यायचीच आहे,” सुप्रिया म्हणाली. “आणि सांगणार ही. हिला खोट्याची माहिती आहे.”

मला खोटं पकडता येतं, बोलता येत नाही, हे तिच्या लक्षात आलं नाही. आम्ही जिन्यात दोनदा तालीम केली आणि तिघेही मामांच्या खाटेपाशी जाऊन उभे राहिलो.

मी सुरू केलं. आईने कपाटातून सुईदोऱ्याचा डबा काढला, मुलासमोर ठेवला आणि म्हणाली, पुढच्या वेळी फाटलं तर लपवू नकोस, मला दे. सांगता सांगता मलाच भरून आलं. आता थांबायला हवं होतं, पण मी पुढे म्हणाले, “आणि मामा, ती शिवण जवळून दाखवली.”

“टाका कसला होता?” जमिनीकडे बघत मामांनी विचारलं.

“बारीक. एकसारखा. अगदी मशीनसारखा.”

मामांनी नजर हवालदाराच्या पायांकडे वळवली. मग म्हणाले, “हवालदार, तू काय पाह्यलंस?”

“तेच, मामा.”

“शपथेवर?”

“मामा, चहा टाकू का?” हवालदार म्हणाला.

मामांचे खांदे हलायला लागले. मी घाबरले, डोळ्याला धक्का लागेल म्हणून. पण ते हसत होते.

“पायाचे अंगठे आवळून उभे आहात तिघंपण,” ते म्हणाले. “अगो, चोरून, घाईत शिवणाऱ्या बाईचा टाका एकसारखा येत नाय. लांब-आखूड येतो. आठ दिवस माझ्या नाकासमोर काय आहे बघ.”

मी वाकले. कपाळाखालच्या गोधडीचा काठ त्यांच्या डाव्या, धड डोळ्यापासून वीतभर अंतरावर होता. त्याच्यावर जाडजूड पांढरे टाके होते, एक लांब, एक आखूड, थोडे तिरके जाणारे.

“आयेची गोधडी. तिला एवढंच शिवता यायचं. काकीचा टाका रेशमासारखा बारीक. आणि माझ्या ब्लाउजवर हे असे होते, हेच, तिरके. जगाच्या शिवणी तपासल्या मी, पण कोणी शिवलं विचारत बसलो नि टाका कसा होता ते कधी आठवून बघितलं नाय. एवढा मोठा कारागीर!”

मग त्या वीराच्या आणि आपल्या आईबद्दल, स्वतःशी बोलावं तसं मालवणीत म्हणाले, “तेच्या आवशीक ठावक नसात. माझ्या आवशीक होता.”

मी खाली बसले आणि त्यांच्या लोंबत्या हातावर हात ठेवला. “बरं सांगितलंस हां,” ते म्हणाले. “ताट पडलं म्हणजे तिला खरंच माहीत नसणार. शेजारच्या खोलीत तोच भाग लावला होता, ताटाचा आवाज आला मला.”

पुढच्या वर्षी पुनर्विकासासाठी आमची चाळ रिकामी झाली. हवालदाराची बदली झाली, सुप्रिया शीवला भाड्याच्या घरात गेली, मामांना मुलगी कुडाळला घेऊन गेली. गोधडी त्यांनी प्रवासात मांडीवर ठेवली होती. तिथेच, गेल्या पावसाळ्याच्या आधी, ते झोपेत गेले. मुलीने फोन करून कळवलं.

मालिकेचा दुसरा हंगाम आला तेव्हा आम्ही तिघे सुप्रियाच्या घरी जमलो. पहिल्याच भागात आई मुलासमोर बसली आणि म्हणाली, मला पहिल्यापासून माहीत होतं, ताट मी मुद्दाम टाकलं. मग तिने सुईत दोरा ओवला.

“लोकांनी शिव्या घातल्या असतील, आता सारवासारव,” हवालदार म्हणाला.

आईने सावकाश, हाताने शिवलं. मग पोशाखाची काख पडदाभर दिसली. कोणीतरी ‘थांबा’ म्हणून ओरडेल याची मी खरोखरच वाट बघितली. मामांची इतकी आठवण मला त्यांच्या जाण्याच्या बातमीनेही आली नव्हती.

शेवटी हवालदारानेच रिमोट उचलला. “मागे घेऊ?”

“घे,” सुप्रिया म्हणाली.

आम्ही उठलो आणि टीव्हीला नाक लावून उभे राहिलो. टाका मशीनचा होता.