मडक्याच्या तळाची पेज

वाढणारा ओळखीचा असेल तर पंगतीत शेवटी बसलं तरी चालतं म्हणतात. कापडे गावच्या चंद्रभागेला ही म्हण ऐकली की अंगाचा तिळपापड होई. तिच्या ठकूला वाढणारी पोरीची सख्खी आजी होती, तरी पोरीच्या थाळीत पाणीच पडत होतं.

घर तसं खाऊनपिऊन सुखी नव्हतं आणि उपाशीही नव्हतं. सासू प्रयागबाई घरची मालकीण. थोरला मुलगा हैबती मुंबईला गिरणीत, त्याची बायको तुळसा आणि दोन मुलगे गावी. धाकटा गोमाजी, म्हणजे चंद्रभागेचा नवरा, शेती बघे. मुंबईहून पैसे येत ते हैबतीचे, म्हणून मान त्याच्या मुलांचा. गोमाजी बारा महिने चिखलात राबे, पण चिखलाची मनीऑर्डर येत नाही.

एकोणीसशे एकतीसचा भादवा चालू होता. जुनं भात कणगीच्या बुडाला गेलेलं, नवं अजून शेतात हिरवं. अशा दिवसांत सगळ्या घराचं रांधणं चंद्रभागेकडे. मूठभर कण्यांत घागरभर पाणी, भोपळ्याची पानं कुळथाच्या पिठात घोटून केलेलं कालवण, आणि जमलं तर चिमूटभर सुकट, अशी भाजलेली की निदान वास तरी सगळ्यांच्या वाट्याला यावा. एवढ्यात सात तोंडं भागवायची म्हणजे खायची गोष्ट नव्हे, आणि ती भागवत असे.

पण रांधणारी एक नि वाढणारी दुसरी. करवंटीची डवली प्रयागबाईच्या हातात. पेज मडक्यात निवळली की कण्या तळाला बसतात आणि वर नुसतं पांढुरकं पाणी राहतं. हैबतीच्या मुलांना वाढताना म्हातारीची डवली मडक्याच्या बुडाला खरवडत जाई. ठकूची पाळी आली की तीच डवली वरच्या वर बुडे. हे रोज, दिवेलागणीला, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत.

ठकूला ताप आला तेव्हा चंद्रभागेने तोंड उघडलं. "आत्याबाय, तिला जरा तळातलं वाढा. पोरगी उभी ऱ्हात नाय."

"तापात दाट पचत नाय," प्रयागबाई म्हणाली. "आणि पोरीच्या जातीला घालून काय करायचं हाय? ती परक्याचं धन."

गोमाजी शेजारीच जेवत होता. त्याने मान खाली घातली आणि आपल्या थाळीतली कणी न् कणी बोटाने गोळा करून खाल्ली. चंद्रभागेला सासूचा राग रोजचाच होता. त्या दिवशी नवऱ्याचा त्याहून जास्त आला.

दुसऱ्या दिवशी तिने कण्या बाजूला ठेवल्या आणि नाचणी दळली. पीठ पाण्यात कालवून आंबवलं, आणि पुढल्या संध्याकाळी घोटून घोटून आंबील शिजवली. आंबिलीला ना तळ असतो ना वर. प्रयागबाईने डवली बुडाशी घातली, वर आणली, पुन्हा घातली. सगळीकडे सारखंच. पहिल्यांदा ठकूच्या थाळीत तेच पडलं जे तिच्या चुलतभावांच्या थाळीत पडलं.

"आज पेज का नाय केलीस गो?"

"नाचणी अंगाला बरी, आत्याबाय. तुमीच सांगत व्हतांव."

 म्हातारी गप्प बसली की गावातली कुत्रीसुद्धा लांब जात. आठवडाभर आंबील चालली, आणि मग एका सकाळी चंद्रभागा दळायला बसते तो जात्याचा खुंटाच नाही! खुंट्याशिवाय जातं म्हणजे नुसते दोन दगड.

"खुंटा कुटं गेला?"

"मला काय इचारतेस? वाळवीनं खाल्ला आसंल," प्रयागबाई आपल्या वाकळेवरून न उठता म्हणाली. तुळसा पदराआड फिसकन हसली. खुंटा त्या वाकळेखालीच होता, हे तिघींनाही ठाऊक होतं.

नवा खुंटा तासणं गोमाजीला घटकाभराचं काम. चंद्रभागेने सांगितलं तर तो म्हणाला, "आणि आईस काय म्हनंल?" तिला वाटलं, याच्याच डोक्यात खुंटा ठोकावा.

तिने नाचणीची टोपली डोक्यावर घेतली आणि वाडीच्या मधल्या वाटेने, सगळ्यांच्या अंगणांवरून, पार टोकाच्या घरातल्या बयाबाईकडे दळायला निघाली. आता कापड्यात जातं नसलेलं घर दुसऱ्याकडे दळी, त्यात काही नवल नव्हतं. पण घरात जातं असताना सून दुसऱ्याच्या दारी दळायला गेली, तर त्याचा अर्थ एकच, घर फुटलं. गावातल्या प्रत्येक घराची कुलंगडी तोंडपाठ असलेल्या प्रयागबाईला रागाच्या भरात एवढं सुचलं नाही.

"काय गो चंद्रभागे, येगळी निगालीस?" बयाबाईने दारातच विचारलं.

 तोवर तिच्या मनात वेगळं निघायचं नव्हतं, नुसतं दळायचं होतं. "हां," ती म्हणाली. "निगालो आमी."

दुपारच्या आत बातमी घरी. प्रयागबाई अंगणात उभी राहून ओरडली, "माझं घर फोडलंस, भवाने!"

"खुंटा तुमी काढलांव. गावानं बघितलं, त्येला मी काय करू?"

गावाने म्हटल्यावर ते मोडायची म्हातारीलाही सोय नव्हती. मागची पडवी, एक चीर गेलेलं मडकं आणि टोपलीभर नाचणी तिने आदळून दिली. भात म्हणाल तर दाणा नाही. गोमाजी दोन्हीकडच्या मधल्या उंबऱ्यावर जाऊन बसला.

चंद्रभागा विस्तव मागायला गेली. विस्तवाला वैऱ्यालाही नाही म्हणू नये, अशी रीत. प्रयागबाईने घागर उचलली आणि पेटत्या चुलीत ओतली. स्वतःच्या घराचं जेवण ओलं झालं, मुलं रडू लागली, तुळसा सासूवर करवादली. पण सुनेला निखारा मिळाला नाही, यात म्हातारीचं पोट भरलं.

विस्तव बयाबाईने दिला, खापरीत घालून. तिचं भात चंद्रभागेने सडून दिलं, त्याच्या कण्याही बयाबाईने तिच्या पदरात घातल्या. तीन दगडांच्या चुलीवर चंद्रभागेने पेज रांधली. हात सैल सोडून कण्या घातल्या, पाणी बेताचं. मग डवली थेट तळाला घालून ठकूची थाळी भरली.

पोरीने थाळीकडे पाहिलं. कडेकडेने पाणी पिऊन घेतलं आणि दाट तसंच ठेवून थाळी सरकवली.

"खा की गो."

"ह्ये दोनी दादांचं हाय."

चंद्रभागेने तिच्या पाठीत असा धपाटा घातला की उंबऱ्यावरचा गोमाजीही दचकला. "तुजं हाय! समदं तुजं हाय! खा, मेले!"

ठकू रडत रडत खाऊ लागली. तिचे डोळे आजीच्या खोलीकडच्या भिंतीवर होते. दोन घास गिळून ती दबक्या आवाजात म्हणाली, "आये, दार लाव."

पडवीला दार नव्हतं.