शेवटचा हात कुणाचा

"बिघडलंय काय ते नंतर बघू. आधी सांगा, शेवटचा हात कुणाचा लागला?"

कुठल्याही यंत्रापाशी गेले की आमच्या मिस्त्रींचं पहिलं वाक्य हेच. पंप असो, मळणीयंत्र असो, नाहीतर ट्रॅक्टर. त्यांचं म्हणणं असं, की यंत्र आपणहून क्वचितच बिघडतं. बहुतेक वेळा त्याआधी कुणीतरी ते दुरुस्त केलेलं असतं.

लोक त्यांना सावकाशकाका म्हणत. घाईच्या माणसाला त्यांच्याकडे नुसतं बघूनच घाम फुटायचा. ते कामाआधी साबण लावून हात धूत. "नंतर तर सगळेच धुतात," म्हणत. मग जमिनीवर पांढरं फडकं अंथरायचे आणि निघेल तो बोल्ट निघाल्या क्रमाने त्यावर ओळीत ठेवायचे. घरी कामाची खोली एकच. खिडकीच्या एका अंगाला त्यांचा लोखंड आवळून धरायचा व्हाइस, दुसऱ्या अंगाला बायकोचं शिलाई मशीन. "माझ्या कापडाला ग्रीस लागलं, तर तुमच्या शर्टाच्या बाह्या शिवून बंद करीन," असा ती रोज दम द्यायची. तीस वर्षांत तिच्या एका कापडाला डाग लागला नाही. अशी त्या हातांची शिस्त.

एका सकाळी फळबागवाल्यांचं बोलावणं आलं. झाडांच्या ओळींमधलं गवत कंबरेएवढं वाढून वाळलं होतं. एक ठिणगी पडली असती, तर बाग गेली असती. आणि ते कापणारं यंत्र, ट्रॅक्टरच्या मागे जोडायचा कटर, चालू केला की असा थरथरायचा की चालवणाऱ्याचे दात वाजावेत. चालवणारी होती घरची धाकटी लेक. महिन्यापूर्वी तिने हट्टाने ते काम आपल्या हाती घेतलं होतं, चालवायचंही आणि निगा राखायचंही.

वडिलांनी मिस्त्रींसमोरच सुनावलं, "आज हे धड झालं नाही, तर उद्यापासून कटर थोरले जावई बघतील. ट्रॅक्टरची किल्ली त्यांच्याकडे."

लेक किल्ली मुठीत आवळून उभी राहिली.

"शेवटचा हात कुणाचा?" काकांनी विचारलं.

"माझाच, काका. पाती मी बदलली."

"बघा!" वडील म्हणाले. "मी सांगतच होतो."

"एक बदललं की दोन्ही?" काकांनी तिलाच विचारलं.

"दोन्ही. वजन करून."

काकांनी सगळ्यांना लांब उभं केलं आणि तिला ट्रॅक्टरवर चढवलं. "चालू कर. आता कटर थोडा उचल." कटर वर आला तशी थरथर वाढली. "आता खाली." कमी झाली. पुन्हा वर, पुन्हा खाली, असं पाच वेळा.

वडिलांना राहवेना. "मिस्त्री, व्यायाम करून घेताय का त्याच्याकडून?"

"बंद कर गं. किल्ली दे इकडे." किल्ली स्वतःच्या खिशात पडल्याशिवाय ते पात्यांजवळ बोटही नेत नसत. उचललेल्या कटरखाली लाकडी ठोकळे लावले, पाती काढली, स्वयंपाकघरातल्या काट्यावर तोलली. दोन्ही बरोबरीची.

"हिचं काम चोख आहे," काका म्हणाले. "आणि दोष पात्यांचा असता, तर कटर वर असो की खाली, थरथर तेवढीच राहिली असती. उचलला की वाढते, म्हणजे दोष शाफ्टचा." शाफ्ट म्हणजे ट्रॅक्टरची ताकद कटरपर्यंत नेणारा दांडा. त्यांनी त्यावरून बोट फिरवलं. "ग्रीस ताजं दिसतंय. हा कुणी उघडला होता?"

"मी नाही, काका."

वडिलांनी टोपी काढली, डोकं खाजवलं, टोपी पुन्हा घातली.

"म्हटलं, पोरीने ग्रीस भरलंय की नाही बघावं. गेल्या आठवड्यात ती बाहेर गेली होती तेव्हा ओढून बघितला. पण परत बसवला की नीट!"

"बाबा!" लेक ओरडली. "आणि आठ दिवस बोलणी मी खातेय!"

शाफ्ट दोन तुकड्यांचा. चौकोनी दांडा चौकोनी नळीत सरकतो, आणि दोन्ही टोकांना दोन बोटांसारखे काटे असतात. ते एका रेषेत हवेत. इथे एक उभा होता, एक आडवा.

"चौकोन चारही बाजूंनी बसतो हो," काका वडिलांना म्हणाले. "म्हणून तर फसवतो. या, तुम्हीच फिरवा."

वडील गुडघ्यावर बसले. दांडा ओढला, पाव वळसा फिरवला, आत सारला. काटे जुळले. काका शेजारी उकिडवे बसून होते. एक शब्द टोचून बोलले नाहीत, की लेकीकडे बघून हसले नाहीत. दुसऱ्याची चूक आयती हाती आली असताना तिची शोभा न करणारी माणसं मी फार थोडी पाहिली आहेत.

पाती पुन्हा चढली, ठोकळे निघाले. वडिलांनी किल्लीसाठी हात पुढे केला. मग तोच हात मागे घेतला.

"नको. तिला द्या. कटर तिच्याकडेच राहू दे."

"मी घेतली होती तिच्याकडूनच," काका म्हणाले, आणि किल्ली तिच्या तळहातावर ठेवली.

कटर फिरू लागला. वर उचलला तरी एकसारखा घुमत राहिला. ट्रॅक्टर पहिल्या ओळीत शिरला आणि मागे वाळलं गवत आडवं होत गेलं. काकांनी फडकं झटकून घडी केली, पिशवी खांद्याला लावली आणि नेहमीच्या चालीने पायवाटेला लागले. लेकीला बघायला फुरसत नव्हती. तिची नजर ओळीवर. बघत होते ते वडील, शेडच्या दारात, काळे हात अंगापासून लांब धरून, काका वळणाआड होईपर्यंत.