तिच्या पाळीचा बूट

दिवाळीनंतरच्या रविवारी आमच्या कॉलनीत पोकर होतो. पैशानं नाही, चिंचोक्यांनी. माझ्या शेजाऱ्याच्या अंगणात टेबल लागतं. त्यानं आणि मी मलाजखंडच्या तांब्याच्या खदानीत जन्मभर डंपर चालवला आणि बालाघाटला येऊन एकाच भिंतीला घरं बांधली. त्याची पोरगी पुण्याहून हा खेळ शिकून आली. दोन पत्ते हातात, पाच टेबलावर. त्याआधी आम्ही तीनपत्ती खेळायचो.

नियम आमचे आहेत. नवरा-बायकोची जोडी बसते. दोघांत चिंचोक्यांची एकच ढिगारी, एक डाव नवऱ्याचा, एक बायकोचा; आधी कोणी बसायचं ते ज्याचं त्यानं ठरवायचं. एकाच्या डावात दुसऱ्यानं बोलायचं नाही. दर डावाला एका जोडीनं पत्ते पाहायच्या आधीच चिंचोके टाकायचे. त्याला आम्ही तीनपत्तीच्या सवयीनं बूट म्हणतो. बूट पाळीपाळीनं फिरतो आणि दर चहाला दुप्पट होतो. ज्या जोडीचे चिंचोके संपले ती उठली. शेवटच्या तीन जोड्यांच्या खुर्च्या पुढल्या वर्षी पक्क्या. बाकीच्या खुर्च्यांसाठी चिठ्ठ्या, कारण बसायला लोक पुष्कळ आहेत.

उन्हाळ्यात माझी बायको गेली. घरात आता मी आणि तिची गोळ्यांची पिशवी. ती पिशवी मी फेकली नाही. खुर्चीही जाऊ द्यायची नव्हती. बायको वर्षातून एकदा तिथे बसून साऱ्या कॉलनीला ऐकू जाईल एवढी हसायची. म्हणून मी यंदा एकटाच जाऊन बसलो.

शेजारी म्हणाला, "वहिनीचेही डाव तूच खेळ. कोनी काही म्हनत नाही."

"नाही. तिच्या डावाले तिचे पत्ते पालथे राहातीन."

"अबे, मंग अर्धे डाव फुकट जातीन तुये!"

"जाऊ दे."

त्याची बायको म्हणाली, "भाऊजी लय आडमुठे आहेत. वहिनीनं कसे काढले दिवस!"

"हासत काढले," मी म्हटलं.

खेळ ती चांगला खेळायची, मी नाही. मी चांगल्या पत्त्यांची वाट पाहत बसायचो आणि बूट भरता भरता ढिगारी संपायची. ती चिडायची. "पत्त्याची काहून वाट पाहता? बुटाकडे पाहा. दोन बुटाएवढे चिंचोके आहेत तोवर लोक भेतात. एकाचेच उरले, की कुत्रं भेत नाही." आणि स्वतः कसलेही पत्ते घेऊन सगळी ढिगारी पुढे ढकलायची. त्याला ऑल-इन म्हणतात; मग कोणी सोबत आलं तर पत्ते उघडावेच लागतात. बहुतेक वेळा समोरचे घाबरून पत्ते टाकायचे, डाव सोडायचे.

दुपार कलली तेव्हा चार जोड्या उरल्या. चारच उरल्यावर माझा बूट दर चौथ्या डावाला, म्हणजे नेमका तिच्या पाळीवर येऊ लागला. मी चिंचोके टाकायचो, पत्ते पालथे सरकवायचो. शेवटी माझ्याजवळ अठरा राहिले. बूट दहाचा होता, तो शेजाऱ्याच्या जोडीनं भरला होता. आतून चहाचा वास यायला लागला. म्हणजे पुढला बूट विसाचा, आणि तो माझा, तिच्या पाळीवर.

माझ्या हातात बदामची राणी आणि किल्वरची सत्ती. दोन्ही काही कामाच्या नाहीत.

हा डाव शेजारणीचा होता, म्हणून शेजारी रिकामा बसला होता. तो माझ्या कानाशी आला. "टाकून दे. पुढच्या डावाले तुये सारे चिंचोके बुटातच जातीन. मंग वहिनीचे पत्ते उघडाच लागतीन. तिचं नशीब दांडगं होतं. तिच्यावर सोड."

मला ते गोड वाटलं. खोटं कशाला बोलू, हात पत्ते टाकायला निघालाच होता. मग वाटलं, जन्मभर हिशेब, पोरांचे दवाखाने, घराचं बांधकाम तिच्यावर सोडलं. आता मेल्यावरही तिनंच पाहायचं?

मी अठराच्या अठरा पुढे ढकलले. "ऑल-इन."

दोन जोड्यांनी पत्ते फेकले. शेजारीण अडली. तिच्याजवळ बारा उरले होते. माझ्यासोबत यायला आठ लागत होते. हरली असती तर हातात चार, आणि खुर्ची तिलाही पाहिजेच होती.

"भाऊजी, खरं सांगा, एक्का हाय ना?"

"आठ टाक अन् पाहून घे."

"बापा! अगदी वहिनीसारखं बोलले." तिनं पत्ते टाकले.

दहाचा बूट माझ्याकडे आला. अठ्ठावीस झाले. चहा झाला. मी वीस बुटात भरले आणि तिचे पत्ते पालथे ठेवले. आता डाव शेजाऱ्याचा. त्याचे डोळे चमकले. माझे पत्ते उघडणार नाहीत, हे सगळ्यांना माहीत होतं.

"फुकटचा बूट पडला आहे गड्या, सोडतो का मी!" त्यानं बाराही चिंचोके टाकले.

त्याच्या बायकोनं कपाळाला हात लावला, पण तिला बोलता येत नव्हतं. तिसऱ्या जोडीच्या बाईनं शांतपणे वीस टाकले. शेवटी तिनं दोन राजे उघडले. शेजाऱ्याजवळ एक गुलाम आणि तिर्री. टेबलावर काहीच त्याच्या कामाचं आलं नाही.

तीन जोड्या उरल्या. मी आठ चिंचोक्यांसह तिसरा.

शेजारी उभा राहिला. "घर माहं, टेबल माहा, चाय माही, अन् चिठ्ठी मीच टाकू! वहिनीनं मारलं मले. पत्तेही न पाहता मारलं."

सगळे हसले. मीही हसलो. उन्हाळ्यापासून पहिल्यांदाच. पुढच्याच डावात माझे आठही गेले. त्याचं दुःख नाही.

पण त्या डावाआधी, खुर्चीवरून उठताना, शेजारणीनं माझ्या बायकोच्या पालथ्या पत्त्यांवर बोट ठेवलं होतं. "पाहू का हो, काय होतं वहिनीजवळ?"

"नाही."

"पुढल्या वर्षी तरी उचलजा. असं अर्ध्याच डावांवर कसं जिंकान?"

"जिंकाले कोन येते? बसाले येईन," मी म्हटलं आणि तिचे पत्ते न पाहता गड्डीत मिसळले.