पंपघरातला काळा पडदा

पंपघरातले कॉम्प्युटर पडदेमास्तर सांभाळायचे. खरं नाव हजेरीपटावर होतं, कुणाच्या तोंडात नव्हतं. दिवसातून दोनदा फडकं घेऊन पडदे पुसायचे, म्हणून हे नाव चिकटलं. शिक्षण बेताचं, पण हात नेटका. काही बदललं की समोर बसून तपासायचं आणि वहीत लिहायचं. बायको म्हणायची, "माझ्याकडे एवढं निरखून बघितलं असतंत, तर संसार सोन्याचा झाला असता!"

टाकी टेकडीवर, व्हॉल्व्हची खोली खाली. टाकीजवळचा कॉम्प्युटर पाण्याची पातळी मोजायचा आणि तिचं चित्र तारेवरून खालच्या पडद्यावर उमटवायचा. ते बघून व्हॉल्व्हवाली बाई चाक फिरवायची.

सोमवारी मास्तरांनी खालच्या कॉम्प्युटरवर पडद्याचं नवं सॉफ्टवेअर टाकलं. समोर बसून पडद्यावर घड्याळ उघडलं, कॅल्क्युलेटर उघडला. सगळं झकास. वहीत 'ठीक' लिहून ते चहाला गेले. तासाभरात व्हॉल्व्हवाली फोनवर ओरडली, "पातळी कुठाय? पडदा काळा ठिक्कर!"

साहेबांनी वायरमनला धरलं. गेल्याच आठवड्यात त्यानं टेकडीवरची तार बदलली होती. मास्तरांना विचारलं, तर ते म्हणाले, "माझं मी तपासलंय." झालं! साहेब वायरमनला म्हणाले, "शुक्रवारपर्यंत तार सुधार. नाही तर तुझ्या जागी दुसरा."

पन्नाशी उलटलेला तो माणूस, तीन दिवस पुरलेली तार हातभर हातभर उकरत राहिला. व्हॉल्व्हवाली पातळी बघायला टेकडी चढायची आणि त्याच्यापाशी धापा टाकत थांबायची. "माझे गुडघे आणि तो पडदा, दोघांनी एकदमच संप केलाय बघ!" तो हसायचा नाही.

गुरुवारी दुपारी मास्तरांना राहवेना. नव्या सॉफ्टवेअरबरोबर आलेली माहितीपुस्तिका ते एरवी पहिलं पान वाचून ठेवून द्यायचे. त्या दिवशी पुढे वाचत गेले, आणि सातव्या पानावर थबकले. आजवर पडदा दुसऱ्या कॉम्प्युटरकडून आलेलं चित्र मुकाट्यानं घ्यायचा. आता कुणी मुद्दाम सांगितल्याशिवाय घेणार नव्हता. परक्यानं घुसू नये म्हणून. घड्याळ त्याच कॉम्प्युटरमधलं, घरच्या माणसासारखं. त्याला कोण अडवणार? पातळी बाहेरून यायची, ती सोमवारपासून दाराशी ताटकळत होती.

सेटिंगमधली एक ओळ बदलली की चित्र येणार होतं. तार जुळली असं सगळे समजले असते. वायरमनच्या कपाळी मात्र चूक कायमची राहिली असती. मास्तर उठून साहेबांकडे गेले.

"साहेब, तार चांगली आहे. चूक माझी आहे."

साहेबांनी दार लावून घेतलं. "मास्तर, निवृत्तीला सात महिने राहिलेत तुमचे. गुपचूप चालू करा आणि मोकळे व्हा."

"माझं मी तपासलंय, असं म्हणालो होतो. ते खोटं निघालं. तसं कागदावर लिहा."

साहेबांनी लिहिलं. मास्तरांनी टाकीच्या कॉम्प्युटरपुरतीच वाट उघडून दिली. पातळी पडद्यावर आली. पुढच्या सोमवारपासून मास्तरांनी भांडारात बसायचं, पडद्यांना हात लावायचा नाही, असं ठरलं. ते टेकडी चढून वर गेले.

वायरमन कमरेइतक्या चरात उभा होता.

"वर ये बाबा. तार शाबूत आहे. माझ्या हातून पडदा बंद झाला होता."

त्यानं हातातली तार खाली ठेवली. मग म्हणाला, "काल पोरगी म्हणाली, बाबा, तुम्हाला आता नीट दिसत नाही का? मी म्हटलं, नसेल दिसत."

मास्तरांनी बाजूचं फावडं उचललं आणि चर बुजवायला लागले.

"राहू द्या, तुम्हाला जमायचं नाही."

"नाही जमलं तर हस मला."

वायरमन हसला नाही. एवढंच म्हणाला, "ते खडे नका टाकू, तारेला टोचतील. आधी मऊ माती."

मास्तर वाकून मऊ माती वेचू लागले.